उघडी ठेवायची जखम

४ मार्च

प्रिय ताई,

बॉबिन जिवंत आहे, खातोय, शेपूट हलवतोय. तू पत्र उघडल्यावर चार ओळी वाचतेस न वाचतेस तोच बोंब मारतेस, म्हणून हे वरच लिहून टाकलं. आता शांतपणे पुढचं वाच.

त्याला दुसऱ्या कुत्र्याने चावलं. बाबा त्याला फिरवायला घेऊन गेले होते, जरा लांब धान्यबाजारापर्यंत गेले, तिथे झालं. त्या दिवशी काही कळलंच नाही, इतक्या दाट केसांत दात कुठे दिसणार! दोन-तीन दिवसांनी डाव्या बरगडीवर लिंबाएवढी गाठ आली, अंग तापलं, जेवण बंद झालं. मग डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी भूल देऊन गाठ फोडली आणि वाटीभर पू काढला. आता तिथे बोटभर लांब चीर आहे. तिला टाके घातलेले नाहीत, उघडीच ठेवली आहे. चाटू नये म्हणून गळ्यात प्लॅस्टिकचा भोंगा आहे. तो घालून दारातून जाताना दर वेळी चौकटीला धडकतो आणि आपल्याकडे असं बघतो की चौकट आपणच मध्ये आणून ठेवलीय.

बाकी ठीक. बाबा मजेत आहेत, दुकानात मात्र फारसे येत नाहीत. सोफे-गाद्या शिवायची कामं माझी मीच उरकते. सुया-कात्र्यांचं कपाट आता कुलपात ठेवते, गिऱ्हाइकांची मुलं हात घालतात. तू काळजी करू नकोस.

तुझी
धाकटी

*

११ मार्च

धाकटे,

काळजी करू नकोस असं ज्या पत्रात लिहिलेलं असतं त्या पत्राची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते.

या बोगद्याच्या कामावर मी अवजारांची कोठी सांभाळते. रोज माणसं पाना घेऊन जातात आणि संध्याकाळी "हरवला" म्हणून निरागस तोंड करून उभी राहतात. खोटं कसं दिसतं ते मला आता दुरून कळतं. तुझ्या पत्रातही कुठेतरी पाणी मुरतंय. बॉबिन भांडखोर नाही. एवढा घोडा झाला तरी मांजर बघून वाट बदलतो. आणि बाबा धान्यबाजारात कशाला गेले होते? ते फिरायला कायम नळाच्या कोपऱ्यापर्यंत जातात आणि पानवाल्याशी गप्पा मारून परत येतात. गुडघे दुखतात म्हणून माझ्याबरोबर कधी देवळाच्या पुढे आले नाहीत, ते आता बाजार पालथे घालू लागले?

दुसरं. जखम फोडली आणि शिवली नाही? ही कुठली डॉक्टरी? आपल्या दुकानात कोणी गादी उघडी टाकून "आता हिची हीच भरेल" असं म्हटलं असतं तर बाबांनी त्याला दाराचा अडणा घेऊन हाकललं असतं. नीट चौकशी कर.

तिसरं. आपल्या दुकानात मुलं कधीपासून यायला लागली? जुन्या खुर्च्या घेऊन म्हातारी माणसं येतात. कपाटाची किल्ली कोणाकडे असते? तुझ्याकडे की वायरमनसाहेबांकडे? तुझ्या नवऱ्याला कुत्र्याच्या केसांनी शिंका येतात हे मी विसरलेले नाही. "याला गावाबाहेर कुठेतरी ठेवता नाही का येणार" असं मी निघायच्या दिवशीच तो म्हणाला होता. चहा ओतता ओतता म्हणाला, पण म्हणाला.

इथे डोंगराआड फोन लागत नाही, शिधा आणणाऱ्या गाडीबरोबर आठवड्याने टपाल येतं. म्हणजे माझा जीव आठवडाभर टांगणीला. तेव्हा सगळं लिही.

ताई

*

१८ मार्च

प्रिय ताई,

तुझं पत्र वाचून मी हसले आणि नंतर मला राग आला. कोठीवर बसून बसून तुला सगळं जग पाना चोरणारं दिसायला लागलंय.

डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, चावल्याची जखम घाण असते, ती वरून शिवली की आत पोकळी राहते आणि पोकळीत पुन्हा पू भरतो. म्हणून ती तळापासून भरत भरत वर आली पाहिजे, आणि वरचं तोंड सगळ्यात शेवटी मिटलं पाहिजे. तोवर तिला उघडं ठेवणं हेच औषध. मी सकाळ-संध्याकाळ पाणी उकळून कोमट करते, मीठ घालते, बिनसुईच्या सिरिंजने आत धार सोडते. मग स्वच्छ जाळीच्या कापडाने नुसतं टिपायचं, घासायचं नाही. वास बघायचा. आत गुलाबी, ओलसर मांस दिसलं की समजायचं बरं चाललंय. बॉबिन उभा राहतो बिचारा, फक्त माझ्या कानात मोठा उसासा सोडतो. बाबा शेजारी स्टुलावर बसून बघतात. "उसवलंय," म्हणतात. मी म्हणते, "हो बाबा, थोडंसं."

आता खरं सांगायचं ते सांगते, कारण मलाच आता शंका येतेय. जखमेचं तोंड वरून मिटतंय. सकाळी धुते तेव्हा छान उघडं असतं आणि संध्याकाळी दुकानातून वर येऊन बघते तर कडा एकमेकींना चिकटलेल्या. परवा बाजूला फुगलं, दाबलं तर आतून पू आला. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा उघडलं आणि मला चांगलंच झापलं. "तुम्ही त्याच्यावर पट्टी मारताय का? असंच चाललं तर विष रक्तात जाईल, मग माझ्या हातात काही राहणार नाही," म्हणाल्या. मी शपथ घेऊन सांगितलं की मी काही लावत नाही. त्यांनी जखमेच्या दोन्ही बाजूंचे केस दाखवले. तिथे काळा चिकट डाग होता, सरळ रेषेत. केसही उपटल्यासारखे झालेत.

मी असं काही लावलेलं नाही, ताई. आणि दुपारी घरात असतं कोण? बाबा असतात, आणि हा मधूनच जेवायला येऊन जातो.

तुझी
धाकटी

*

२५ मार्च

धाकटे,

काळा, चिकट, सरळ रेषेत. अगं, तू वायरमनच्या घरात राहतेस आणि हे मला डोंगराआडून सांगावं लागतंय? काळी टेप आहे ती! तारांना गुंडाळतात ती. माझ्या कोठीत तिची खोकी भरलेली आहेत, हाताला लागली तर रॉकेलशिवाय निघत नाही. आता विचार कर, तुमच्या घरात ती कोणाच्या बॅगेत असते आणि दुपारी कोण मधूनच जेवायला येऊन जातं. तू स्वतःच लिहिलंस आणि स्वतःच डोळे मिटून घेतलेस.

मला सगळं चित्र दिसतंय. आधी कुत्रा जाईल. बाबा दुकानात येईनासे झालेच आहेत. कपाटाला कुलूप लागलंच आहे. मी इथे वर्षभराच्या कंत्राटावर अडकलेली. परत येईन तेव्हा दुकानाच्या पाटीवर "विजेची कामे केली जातील" असं लिहिलेलं असेल.

तू भोळी आहेस हे मी लहानपणापासून बघतेय. तुला रंग उतरलेलं कापड नवं म्हणून कोणीही विकावं. पण हा बॉबिन आहे. आई गेली त्या वर्षी मी त्याला टोपलीतून आणला, आणि बाबा पुन्हा जेवायला लागले ते त्याच्या ताटलीकडे बघून. तो गेला तर मी कोणालाही माफ करणार नाही. तुलाही नाही.

मी रजेचा अर्ज टाकलाय. कंत्राट मोडलं तरी चालेल. येऊन बॉबिनला घेऊन जाईन, आणि वेळ पडली तर बाबांनाही. वायरमनसाहेबांना हे पत्र वाचायला दिलंस तरी माझी हरकत नाही.

ताई

*

१ एप्रिल

ताईंना नमस्कार,

पत्र वाचलं. मला पत्रं लिहायची सवय नाही, चुकलंमाकलं समजून घ्या.

टेप माझीच आहे. रीळ लवकर संपतंय हे माझ्याही लक्षात आलं होतं. आधी वाटलं कामावरचा जोडीदार ढापतोय, त्याला दोन शब्द बोललो, तो अजून माझ्याशी बोलत नाही. मग वाटलं हिचंच काम असेल. दुकानाच्या घाईत टेप मारत असेल आणि डॉक्टरीणबाईंसमोर नाकबूल करत असेल. मी हिला काही बोललो नाही, पण बघत राहिलो. आणि हीसुद्धा माझ्याकडे बघत राहिली होती, हे तुमच्या पत्रावरून कळलं. आमच्या घरात पंधरवडाभर कोणी कोणाला सरळ चहा दिलेला नाही.

म्हणून मी बॅगेला कुलूप लावलं. दुसऱ्या दिवशी जखमेवर माझ्या सर्दीच्या मलमाच्या डबीवरचं लेबल चिकटवलेलं निघालं. सोललेलं आणि नीट कापून लावलेलं. तेव्हा मला घाम फुटला, कारण असं नीट काम ना मला जमतं, ना कुठल्या चोराला.

काल जेवायला वेळेच्या आधी आलो, चपला बाहेर काढून. काय पाहिलं ते ही सांगेल. माझ्या तोंडून ते शोभणार नाही. ते तुमचे आहेत.

कुत्र्याच्या शिंका खऱ्या आहेत. गोळी घेतो आणि त्याच्याच शेजारी बसून टीव्ही बघतो. विचारा त्याला.

आपला
वायरमन

*

२ एप्रिल

ताई,

हे त्याच्याच पाकिटात घालतेय, म्हणजे दोन्ही एकदम मिळतील.

बाबा करत होते.

ह्याने मला दुकानातून हाक न मारता, खुणेने वर बोलावलं. बाबा जमिनीवर बसले होते, चष्मा लावून. बॉबिन त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून आडवा. भोंगा काढून बाजूला ठेवलेला, त्यावर बाबांचा रुमाल पसरलेला, आपण गिऱ्हाइकाचं सामान झाकतो तसा. डाव्या हाताच्या दोन बोटांनी त्यांनी जखमेच्या कडा जुळवून धरल्या होत्या आणि उजव्या हाताने पट्टी दाबत होते. ताई, त्याला दुखत असणार. पण तो हलला नाही. बाबांचा हात असला की तो कशालाच हलत नाही.

मी म्हटलं, "बाबा, काय करताय?" ते वर न बघता म्हणाले, "संध्याकाळी गिऱ्हाईक यायचंय. उसवलेलं परत द्यायचं का?" मग माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, माझ्या सुया कुठे ठेवल्यात हो तुम्ही? धाकटीला विचारा, ती घरात असेल."

मी धाकटीला विचारून येते म्हणाले आणि न्हाणीघरात जाऊन रडले.

आता सगळं लिहिते. कपाटाला कुलूप मुलांसाठी नव्हतं. थंडीत बाबांनी एका गिऱ्हाइकाचा नवा पडदा उभा कापला आणि त्याची उशी शिवली, सुरेख शिवली, पण पडदा गेला. तेव्हापासून सुया, कात्र्या, दाभण सगळं कुलपात. धान्यबाजारात ते फिरायला गेले नव्हते, वाट चुकले होते. आम्ही दोघं तीनदा गल्ल्या पालथ्या घालून आलो. शेवटी बॉबिन त्यांची बाही दातात धरून त्यांना घरी घेऊन आला. त्याच वाटेवर त्याला कुत्रं चावलं असणार. तुला कळवलं असतं तर तू कंत्राट सोडून आली असतीस, म्हणून गप्प बसले. वाटलं, होईल कमी.

एक गोष्ट डोक्यातून जात नाही. मी सुया कुलपात ठेवल्या नसत्या तर त्यांनी जखम शिवलीच असती. आणि बॉबिन निमूट पडून राहिला असता.

डॉक्टरीणबाईंनी आज तिसऱ्यांदा उघडलंय. अंगात ताप आहे. त्यांचं म्हणणं, कुत्र्याला इथेच ठेवा. पण मागे एक रात्र ठेवला तर त्याने पाण्याला तोंड लावलं नाही, आणि इकडे बाबा दाराशी चपला घालून बसून राहिले. दोघांना वेगळं ठेवलं तर एक बरा होणार नाही, एकत्र ठेवलं तर दुसरा बरा होऊ देणार नाही. मी काय करू सांग. दुकान बंद करून दिवसभर पहारा देतेय.

धाकटी

*

९ एप्रिल

धाकटे,

दोन्ही पत्रं कोठीच्या दारातच उभं राहून वाचली. माणसं रांगेत थांबली होती, त्यांना म्हटलं हवं ते घ्या. आज किती पाने गेले देव जाणे.

तुझ्यावर चिडायचं होतं. चिडलेही. मग आठवलं, दिवाणखान्यातल्या दिव्याच्या उजेडात बाबा माझ्या दप्तराचा उसवलेला बंद शिवायचे. मी झोपेत असले तरी शिवायचे. कोणाच्या अंगावरचा सदरा उसवलेला दिसला तर रस्त्यात थांबवून सांगायचे. उघडी शिवण त्यांना बघवतच नाही. ती सवय राहिली आणि बाकीचं जातंय, असं का व्हावं गं?

वायरमनसाहेबांना सांग, मी चुकले. पाटीवरचं वाक्य तर मी फार वाईट लिहिलं. टेपची दोन नवी रिळं पाठवतेय, माझ्या पैशाने घेतलीत, कोठीतली नाहीत. त्यांच्या जोडीदारालाही एक द्यायला सांग.

आता नीट ऐक. रात्रभर मी हाच विचार करत होते. बाबांना उघडी शिवण बघवत नाही, पण त्यांनी कधी काज बंद केलंय का? उशीच्या अभ्र्याचं तोंड, गादीतली हवा जायची भोकं, खुर्चीच्या खोळीतून तिचे हात बाहेर यायला ठेवलेली फट, ती सगळी उघडीच असतात आणि बाबा त्यांना बोट लावत नाहीत. कारण त्यांच्या कडा बांधलेल्या असतात. बांधलेली कड म्हणजे मुद्दाम ठेवलेलं. कच्ची कड म्हणजे फाटलेलं. त्यांनीच शिकवलंय आपल्याला.

जखमेची कड तर बांधता येणार नाही. पण तिच्याभोवती कापडाची कड बांधता येईल. बाबांना सुई परत दे. हो, दे. तू शेजारी बस. बॉबिनसाठी सुती अंगरखा शिवायला सांग आणि म्हण, गिऱ्हाइकाला इथे खिडकी हवी आहे. आधी डॉक्टरीणबाईंना विचार.

रजा मंजूर झाली आहे, महिनाअखेरीच्या गाडीने येतेय. मला फक्त एक खरं सांग, काही लपवू नकोस. बाबा मला ओळखतील का?

ताई

*

१७ एप्रिल

प्रिय ताई,

डॉक्टरीणबाई आधी नको म्हणाल्या, मग म्हणाल्या, कापड रोज उकळलेलं हवं, जखमेला टेकता कामा नये आणि खिडकी ऐसपैस हवी. मी म्हटलं, खिडकी बाबा करणार आहेत, ती ऐसपैसच असेल.

कपाट उघडलं. बाबांनी सुयांची डबी हातात घेतली आणि उघडून बघितली. एक सुई बाजूला काढून म्हणाले, "ही गंजलीय, फेकून दे." खरंच गंजली होती ती, मला दिसलीसुद्धा नव्हती. मग बॉबिनला वितीने मापलं. कापडावर खडूने रेघ मारली. मी सांगितलं, "बाबा, गिऱ्हाइकाला डाव्या बाजूला खिडकी हवी आहे." ते म्हणाले, "कशाला?" मी म्हटलं, "काम चालू आहे तिथे." त्यावर त्यांनी मान हलवली आणि कात्री उचलली. दुपारभर बसून त्यांनी कड दुमडली, टाक्याला टाका लावून बांधली. माझं सगळं लक्ष सुईवर होतं, सुईचं लक्ष कापडावर. एकदाही चुकली नाही.

अंगरखा घातल्यावर त्यांनी खिडकीतून जखमेकडे बराच वेळ बघितलं. त्यांनी बोट कडेवरून गोल फिरवलं, एका ठिकाणी ओढून बघितलं आणि म्हणाले, "पक्की आहे. हे असंच ठेवा." आणि चहा मागितला.

तेव्हापासून जखमेला त्यांनी हात लावलेला नाही. दुसरा अंगरखा मी त्याचं बघून शिवला, म्हणजे एक उकळताना दुसरा घालता येतो. ताप उतरलाय. आतलं मांस गुलाबी आहे आणि तळ वर येतोय. डॉक्टरीणबाईंनी काल मला पहिल्यांदा बसायला खुर्ची दिली. ह्याने तुझी रिळं टेबलावर उघडी ठेवलीत, बॅगेला कुलूप लावत नाही आता. जोडीदारही बोलायला लागला.

तू विचारलंस, बाबा तुला ओळखतील का. लपवत नाही. मला आठवड्यातून बऱ्याचदा ओळखतात, बऱ्याचदा नाही. तुझं मी सांगू शकत नाही. तू ये आणि त्यांच्या शेजारी सुईदोरा घेऊन बस, एवढंच मला सुचतंय.

आज सकाळी जखम धुवायला मी बॉबिनचा अंगरखा काढून खुर्चीवर ठेवला. बाबांनी तो उचलला. उलटा केला, खिडकीची कड उजेडात धरली, टाके नखाने तपासले. म्हणाले, "हे कोणी केलंय? हात चांगला आहे."

मी म्हटलं, "बाबा, तुम्हीच केलंय."

त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं. ताई, आपण दोघी महिनाभर माझ्या नवऱ्याकडे जसं बघत होतो ना, अगदी तसं. एका अक्षरावर विश्वास बसलेला नव्हता. मग त्यांनी अंगरखा नीट घडी करून माझ्या हातात दिला आणि हळूच म्हणाले, "ज्याने केलंय त्याला कामावरून काढू नका."

लवकर ये.

तुझी
धाकटी